खुणेची लाल शाई

८ फेब्रुवारी

मावशी,

तुझ्या स्टुलावर लाल शाई मी ओतली होती.

तू म्हणशील ही काय बातमी झाली, अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. पण माझ्या तोंडाने मी अजून कबूल केलं नव्हतं. ऑक्टोबरात तू विचारलंस तेव्हा मी इस्त्रीवाल्या काकांकडे बोट दाखवलं. त्या दिवशी त्यांना तू जे काही ऐकवलंस ते सगळं माझ्या वाट्याचं होतं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि नंतर माझ्या एकुलत्या एका चांगल्या शर्टाची कॉलर जाळली. म्हणजे त्यांना कळलं होतं.

कसं केलं ते सांगतो. लाँड्रीत येणाऱ्या हॉटेलच्या कपड्यांवर नंबर घालायची खुणेची शाई, त्यातली लाल बाटली. तुझ्या स्टुलाची गादी मरून रंगाची, तिच्यावर ओली शाई दिसत नाही हे मी आधी थेंब टाकून पाहिलं होतं. तू घड्या घालायला बसलीस. मग मी बाहेर जाऊन काउंटरवरची घंटी वाजवली आणि मागच्या दाराने परत आलो. तू उठून गेलीस. पांढरा कोट, पाठीमागे तळहाताएवढा डाग. काउंटरपाशी शाळेतल्या बाई, बँकेतला टकल्या आणि ती दोन कुत्री घेऊन येणारी. शाळेतल्या बाईंनी तुझ्या कानात काहीतरी सांगितलं. तू हात मागे नेलास, बोटं बघितलीस.

मी कपाटाआड तोंडात टॉवेल कोंबून हसत होतो. खोटं कशाला बोलू, आठवलं की अजून येतं. पण तू न्हाणीत गेलीस ती अर्धा तास बाहेर आलीच नाहीस, आणि आलीस तेव्हा चेहऱ्याला खळ घातल्यासारखी दिसत होतीस. तेव्हा हसू थोडं कमी आलं.

का केलं तेही सांगतो, आता पोटात काही ठेवत नाही. खळीच्या रिकाम्या डब्यात मला तुझ्या गोळ्या सापडल्या होत्या. पाळी गेल्यावर घ्यायच्या, घाम आणि भडके कमी होतात त्या. आत पंचवीस घड्यांचा कागद. मी सगळा वाचला, जन्मात सलग एवढं वाचलेलं पहिलंच. त्यात होतं की या गोळ्यांवर कधीकधी रक्त जातं. मला वाटलं, बघू तर खरं, मावशी घाबरते का.

बस, एवढंच. एकदाच. हॉटेलच्या टेबलक्लॉथवरचा डाग माझा नाही, आईशपथ. त्यासाठी मला हाकललंस ते चुकीचं आहे. फोन तू उचलत नाहीस म्हणून कागद खर्च करतोय.

सध्या बसडेपोत बसगाड्या धुतो. काम तेच, फक्त बसची घडी घालता येत नाही. परत बोलाव.

भोंगा

* * *

१९ फेब्रुवारी

भोंग्या,

पत्र मिळालं. अक्षर अजून कोंबडीच्या पायांसारखंच आहे. सोळाव्या वर्षी तुझ्या आईने तुला माझ्या दारात आणून टाकलं, म्हणाली, ताई, धंदा शिकव, घरात ठेवला तर घर विकेल. सहा वर्षं शिकवलं. तू काय शिकलास तर घंटी वाजवून मागच्या दाराने यायला.

तू म्हणतोस एकदा. मी म्हणते पाच. ऑक्टोबरात स्टूल. नोव्हेंबरात परत स्टूल. डिसेंबरात माझ्या पलंगावरची चादर, म्हणजे तू माझ्या खोलीतही शिरलास. जानेवारीच्या सुरुवातीला डिलिव्हरीच्या गाडीतली सीट. आणि महिनाअखेरीला हॉटेलचे टेबलक्लॉथ, ढीग रचून मी त्यावर जरा टेकले होते तेव्हा. पहिला कोट तर फेकूनच द्यावा लागला. बाकी चारही वेळा मी स्वतः थंड पाण्यात मीठ घालून भिजवलं, चोळलं, कुणाला हात लावू दिला नाही. त्यातूनही एक टेबलक्लॉथ नजरेतून सुटून हॉटेलात पोचलाच.

हॉटेलचा मॅनेजर तो हातात घेऊन आला होता, दोन बोटांत धरून, मेलेला उंदीर धरावा तसा. मी म्हटलं, भाचा वाह्यात आहे, शाई ओततो, त्याला काढून टाकला. तो म्हणाला, मग ठीक आहे. काम राहिलं. इतक्या वर्षांत तुझा पहिल्यांदा उपयोग झाला.

काकांनी तुझ्या जागी एका मुक्या माणसाला आणलंय. काम तुझ्या दुप्पट करतो आणि मला रोज वाटतं, हा आधी का नाही भेटला.

गोळ्यांबद्दल तू परत एक अक्षर लिहायचं नाही.

मावशी

* * *

२ मार्च

मावशी,

मुक्याला माझा नमस्कार सांग. त्याला उलटून बोलता येत नाही याची मला काळजी वाटते, कारण तुझ्याकडे राहून ते नाही केलं तर माणूस फुटतो.

तुझं पत्र मी डेपोत बसच्या मागच्या सीटवर बसून वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला. म्हटलं, म्हातारी माझ्या एका गुन्ह्याला चार पिल्लं घालायला लागली. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा हसलो. तिसऱ्यांदा वाचलं आणि हातातली बादली खाली ठेवली.

मावशी, खुणेची शाई निघत नाही.

तूच शिकवलंयस ते. पहिल्याच आठवड्यात माझ्या मनगटावर थेंब पडला होता, मी दोन दिवस घासत बसलो आणि तू म्हणालीस, घास, कातडी जाईल, शाई नाही जायची, निघाली असती तर हॉटेलवाल्यांच्या निम्म्या चादरी आतापर्यंत लोकांच्या पलंगावर असत्या. म्हणून तर पहिला कोट तुला फेकावा लागला. मग बाकीचे चार डाग थंड पाण्यात आणि मिठात कसे गेले? थंड पाणी तू एकाच डागाला वापरतेस. गरम पाण्यात तो पक्का बसतो म्हणून नव्या माणसाच्या डोक्यात टपली मारून मारून शिकवतेस. मला तर पंधरा टपल्या लागल्या होत्या.

पंचवीस घड्यांचा तो कागद माझ्याकडे आहे. परत ठेवायचा राहिला. मी काढून पुन्हा वाचला. सुरुवातीच्या महिन्यांत थोडं जाणं चालतं, असं त्यात आहे. पण सगळं स्थिर झाल्यावर, मधूनच, न सांगता जायला लागलं तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. हे ठळक अक्षरात आहे. ऑक्टोबरात मी हेही वाचलं होतं. पण मला फक्त गमतीचं वाक्य हवं होतं, म्हणून पुढचं डोळ्यांना दिसूनही दिसलं नाही.

तू गोळ्या सुरू करून दोन वर्षं झाली. तुझी पाळी जाऊन सहा. मला माहीत असायला नको, पण माहीत आहे, त्याला आता इलाज नाही.

तू डॉक्टरबाईंकडे जा. मला परत घेऊ नकोस, पण जा.

भोंगा

* * *

९ मार्च

भोंग्या,

बावीस वर्षांचं पोर मला बायकांचं दुखणं शिकवणार. तुला स्वतःची पॅन्ट नीट धुता येत नाही.

बसगाड्या धू. पुन्हा या विषयावर लिहिलंस तर पत्र न उघडता बॉयलरखाली घालीन. जळायला तुझी अक्षरं चांगली आहेत, भरपूर जागा खातात.

तो कागद परत पाठव. डॉक्टरबाईंचा नवीन नंबर मी त्याच्या मागे लिहिलेला आहे.

मावशी

* * *

१५ मार्च

मावशी,

कागद सोबत आहे. नंबर आहे, मी वर पेन्सिलीने गोल केलाय, चष्मा न लावता दिसेल. पत्र उघडलंस म्हणजे बॉयलरचं राहिलं, बरं झालं.

मी डेपोच्या समोरच्या औषधवाल्याकडे गेलो होतो. त्याला म्हटलं, माझ्या सासूचं विचारायचंय. तो म्हणाला, तुझं लग्न कधी झालं, काल तर तू माझ्या दुकानासमोर पोरींना शिट्ट्या मारत होतास. मी म्हटलं, होणाऱ्या सासूचं. तो म्हणाला, होणाऱ्या सासूची एवढी काळजी असलेला माणूस मी पहिल्यांदा बघतो. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, सगळी हसली. मी उभा राहिलो. तुझ्यासाठी मी लोकांसमोर हसं करून घेतलं, हे वहीत लिहून ठेव.

मग त्याने मला बाजूला घेऊन नीट विचारलं. किती वर्षं गोळ्या, मधे चुकवल्या का, किती दिवस गेलं, किती वेळा. मी 'चार वेळा' म्हटल्यावर त्याने हातातला डबा खाली ठेवला. म्हणाला, बहुतेक बायकांचं साधंच निघतं, आतलं अस्तर जाड झालेलं असतं किंवा एखादी गाठ असते, साधी. पण साधं आहे हे आतून बघितल्याशिवाय कुणी म्हणू नये. सोनोग्राफी करतात, लागलं तर आतला तुकडा काढून तपासतात. सासूला सांग, ह्या आठवड्यात. मी म्हटलं, ती ऐकत नाही. तो म्हणाला, मग लग्न करू नकोस त्या घरात.

एकवीस तारखेपर्यंत जा आणि मला दोन ओळी टाक. साधंच असेल.

भोंगा

* * *

२० मार्च

भोंग्या,

दार लावून लिहिते आहे. काकांना सांगितलंय की हिशोब चाललाय.

हो. चार. परवापासून पाचवं चालू आहे. आता खूश हो.

तुला वाटतं मी घाबरते म्हणून जात नाही. गोळ्यांच्या आधीचे दिवस तू बघितलेस पण तुला ते दिसले नाहीत, तू तेव्हा माझ्या पाठीमागे घाम पुसायच्या नकला करत होतास. आमच्याकडे आधीच वाफ, त्यात आतून भडका उठायचा, मानेपासून वर, दिवसाला वीस वेळा. चादरी इस्त्री करायच्या गरम रोलरवर हात ठेवून तोल गेला तेव्हा ही तीन बोटं भाजली. तू सगळ्यांना सांगितलंस, मावशीने स्वतःलाच इस्त्री केली. गोळ्यांनी ते थांबलं. दोन वर्षं मी माणसासारखी झोपले. आता मी बाईंकडे गेले तर पहिली गोष्ट त्या काय म्हणतील? बंद करा. आणि तुझी आई काय म्हणेल, तेही मला पाठ आहे. ती पहिल्या दिवशीच म्हणाली होती, ताई, या वयात कशाला जवान व्हायचंय, भोगशील. तिला ते खरं झालेलं बघायचंय. मी ते तिला दाखवणार नाही.

आणि आता ऐक, म्हणजे तुला झोप लागायची नाही. नोव्हेंबरात पहिल्यांदा खरं गेलं तेव्हा मी स्टुलावरून उठले आणि काकांनी बघितलं. माझ्या तोंडातून काही निघायच्या आत तेच म्हणाले, परत त्या कार्ट्याने शाई ओतली वाटतं. मी म्हटलं, हो. किती सोपं होतं. रक्ताला शाई म्हणता येतं हे तू मला शिकवलंस. त्यानंतर प्रत्येक वेळी मी तुझं नाव घेतलं आणि एकानेही विचारलं नाही, अहो, खरंच का? मॅनेजरने नाही, काकांनी नाही, तुझ्या सख्ख्या आईने नाही. तू माणूसच तसा आहेस, ज्याच्यावर काहीही ढकललं तरी बसतं.

तुला मी जायला हवी ना? मग कागद दे. तुझ्या हाताने, तारखेसह: पाचही वेळा शाई मीच ओतली, टेबलक्लॉथवरही मीच, आणि खाली सही. हॉटेलवाल्याला परत शंका आली आहे, त्याने मला विचारलं, बाई, तुमची तब्येत बरी आहे ना. जिच्या अंगावरून जातंय तिच्याकडे तो जेवणाच्या टेबलावरचे कपडे देणार नाही. कागद हातात पडेल त्या दिवशी मी बाईंकडे जाईन. त्याच्या आधी नाही.

मावशी

* * *

२४ मार्च

मावशी,

सोबत कागद. कोरा वाटेल पण नाही. लिंबाच्या रसाने लिहिलंय, कुणाच्या हाती लागू नये म्हणून. इस्त्री मध्यम ठेव, वरून एकदा फिरव, सगळं उमटेल.

भोंगा

* * *

२ एप्रिल

भोंग्या,

इस्त्री फिरवली. काका शेजारी उभे होते, मी मुद्दाम उभं केलं होतं, साक्षीला. तपकिरी अक्षरं वर आली: आधी तू जा, मग कागद. खाली अंगठा काढलेला.

काका हसले. मुकाही हसला, आवाज न करता.

मी त्या दिवशी बाईंची वेळ घेऊन ठेवली होती, चार वाजताची. नंबरावर तूच गोल केला होतास. साडेतीनला फोन करून ती रद्द केली.

आता मी लिहिणार नाही. बघू कोण आधी वाकतं.

मावशी

* * *

१८ मे

मावशी,

काल काकांचा डेपोत फोन आला. म्हणाले, रोलरजवळ पडली, खाली सगळं लाल, तिला गाडीत घालून नेलं. मग म्हणाले, आता तरी खरं सांग, ही तरी तुझी शाई नव्हती ना? आणि फोन ठेवला.

कागद सोबत आहे. निळ्या पेनाने, लिंबाने नाही. तू सांगितलेस तेच शब्द: मी, यांचा भाचा, लिहून देतो की ऑक्टोबर ते जानेवारी या काळात लाँड्रीत पाचही वेळा लाल शाई मीच ओतली, हॉटेलच्या टेबलक्लॉथवरही मीच, माझ्या मावशीचा त्यात काही दोष नाही. खाली सही आहे, तारीख आहे, डाव्या अंगठ्याचा ठसाही दिलाय, कुणी मागितला नव्हता तरी.

हा कागद मी एप्रिलात तीन वेळा लिहिला आणि तीनही वेळा फाडला. एकदा वाटलं, सही केली की जन्मभर हेच राहील, मला कोण कामाला ठेवेल. एकदा वाटलं, तिने आधी माफी मागू दे. तिसऱ्यांदा काहीच वाटलं नाही, फक्त तुझं 'बघू कोण आधी वाकतं' हे आठवलं आणि म्हटलं, बघूच. औषधवाला रोज विचारायचा, सासू गेली का दाखवायला? मी म्हणायचो, सासू जिद्दी आहे. तो म्हणायचा, आणि जावई?

तू वाकलीस असं मी कुणाला सांगणार नाही. तू पडलीस, वाकली नाहीस. काय निघालं ते कळव.

भोंगा

* * *

२७ जून

भोंग्या,

हॉस्पिटलातून लिहिते आहे. पलंग खिडकीशी आहे, चादरी बाहेरून धुऊन येतात, खळ जास्त आणि कडेला पिवळ्या. मी नर्सला म्हटलं, कोण धुतं तुमचं, त्याला माझ्याकडे पाठवा, मी टपल्या मारीन.

पिशवी काढली. पिशवीच्या बाहेरही निघालंय. आता किरणं, मग औषधं, मग बघू. बाईंना मी विचारलं, गोळ्यांनी झालं का? त्या म्हणाल्या, ते आता कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. मी विचारलं, नोव्हेंबरात आले असते तर? त्या म्हणाल्या, तेव्हा एवढं मोठं ऑपरेशन कदाचित लागलं नसतं. मी विचारलं, एप्रिलात आले असते तर? त्यांनी माझ्या फाईलची दोरी बांधली, सोडली आणि परत बांधली. मग म्हणाल्या, विश्रांती घ्या. आणि माहीत आहे, गोळ्यांचं मी विचारल्यावर काय म्हणाल्या? पहिल्यांदाच आला असतात तर कदाचित फक्त बदलून दिल्या असत्या. बंद करायलाच लागल्या असत्या असं नाही.

म्हणजे ज्या भीतीने मी गेले नाही ती भीतीही खोटी. आणि भडके परत सुरू झालेत. पिशवी गेली, गोळ्या गेल्या, भडके तेवढे इमानाने आले.

तुझा कागद मिळाला. अंगठा बरा उमटलाय. काकांना सांगून मी त्याला चौकट करून घेतली, काच लावून, काउंटरच्या मागे घड्याळाखाली टांगली. हॉटेलचा मॅनेजर वाचून गेला. समाधान झालं त्याचं. तुझी आई तिथे जाऊन ते वाचून आली आणि माझ्या पलंगाशी बसून रडली, म्हणाली, ताई, माझ्या पोराने तुला हे काय काय सोसायला लावलं. मी म्हटलं, जाऊ दे, पोर आहे. तिला सांगितलंय, ऑपरेशन पोटातल्या एका जुन्या गाठीचं होतं. गोळ्यांशी याचा काही संबंध असेल हे तिला कळलेलं नाही. तिला मोठं समाधान आहे की मी तुला क्षमा केली.

मी केलेली नाही. तूही करू नकोस. आपलं बरोबरीत राहू दे.

भेटायला येऊ नकोस. इथे सगळं पांढरं आहे.

मावशी

* * *

११ डिसेंबर

हा डबा ज्याच्या हाती लागेल त्याला,

नमस्कार. मी भोंगा. ही पत्रं वर क्रमाने लावून ठेवलीत, तिची आणि माझी. तिने माझी एकही बॉयलरखाली घातली नव्हती. लिंबाने लिहिलेला कागदही यात आहे, त्यावर इस्त्रीच्या टोकाचा ठसा उमटलाय, मध्यम सांगितली होती तरी तिने कडक ठेवलेली दिसते.

मावशी नोव्हेंबरात गेली. मला आईने कळवलं, तेही चौथ्या दिवशी, आणि वर म्हणाली, तू आला नाहीस ते बरं केलंस, लोकांनी तुला उभं केलं नसतं.

गेल्या आठवड्यात मी लाँड्रीत गेलो. आता ती काका चालवतात. मी गिऱ्हाइकाच्या बाजूने आत आलो, घंटी वाजवली आणि ह्या खेपेला काउंटरपाशी उभाच राहिलो. घड्याळाखाली माझा कागद, काच रोज पुसलेली. दोन कुत्रीवाली बाई कपडे घ्यायला आली होती. तिने कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि कुत्र्यांची दोरी आवळून धरली, जसं काही मी चावेन. बाहेर पडताना माझ्या ऐकायला येईल एवढ्याच आवाजात म्हणाली, बिचारीला छळून छळून मारलं.

मी काकांना म्हटलं, काका. ते म्हणाले, बोला. सहा वर्षं ज्याला 'अरे कार्ट्या' म्हटलं त्याला 'बोला'. मग आत गेले, खळीचा हा डबा आणला आणि काउंटरवर सरकवला, गिऱ्हाइकाला गठ्ठा सरकवतात तसा. म्हणाले, तिने तुम्हाला द्यायला सांगितला होता, पावती लागत नाही.

मी बाहेर पायरीवर बसून उघडला. मला वाटलं, तळाशी माझ्यासाठी एखादी ओळ असेल. पत्रं होती, तो पंचवीस घड्यांचा कागद होता, आणि अर्धी वापरलेली लाल शाईची बाटली. बाकी काही नाही. बाटलीचं झाकण घट्ट लावलेलं होतं.

आता तुम्ही सगळं वाचलंय, म्हणून हिशोब तुम्हालाच देतो. पाच डागांतला एक माझा. चार माझे नाहीत. त्या चारांबद्दल मी सही दिली, तर तिचं नाव राहिलं, हॉटेल राहिलं, आईसमोर मान राहिली. ते तसंच राहू द्या. आणि एक गोष्ट माझीच आहे, ती कुठल्याच चौकटीत नाही: चोवीस मार्चपासून अठरा मेपर्यंत मी एक कागद पाठवायचा थांबलो, कोण आधी वाकतं ते बघायला. त्यातला एक दिवस चार वाजताच्या भेटीचा होता. त्याने फरक पडला असता का, हे बाईंनी तिला सांगितलं नाही. मलाही नको सांगायला.

एवढ्यासाठीच विनवतो. आईला सांगू नका, ती माझ्याबद्दल आत्ता जेवढं वाईट मानते तेवढंच तिला पुरे आहे. काकांना सांगू नका, ते काच पुसायची थांबतील. हॉटेलवाल्याला सांगू नका. कुत्रीवालीला तर मुळीच नको. कुणी विचारलं तर म्हणा, तो भाचा ना, वाह्यात होता, पाच वेळा शाई ओतली त्याने.

मी तुमच्या पाया पडतो. पाच म्हणा. एवढंच म्हणा, बाकी कुणाला काही सांगू नका.

भोंगा